काळ्या खिडकीतला मोल्सवर्थ : आज्ञांवर चालणारे शब्दकोश आणि आपली मराठी

सिंगापूरच्या पश्चिम भागातल्या चोआ चू कांगमध्ये राहणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असते. मेट्रो स्टेशनच्या पाटीवर नावाचे एक स्पेलिंग असते आणि निवडणुकीच्या मतदारसंघाच्या नावात दुसरे. पहिल्याच शब्दात एकीकडे 'ओ' आहे, दुसरीकडे 'यू'. नाव मूळचे चिनी भाषेच्या तिओच्यू बोलीतले. चुआ हे कुळनाव, चू म्हणजे घर आणि कांग म्हणजे खाडीकाठ, नदीकाठ. एकोणिसाव्या शतकात मिरी आणि गँबियरचे मळे लावणाऱ्या चिनी वसाहतकारांनी इथल्या नद्यांच्या काठी वस्त्या केल्या, त्यांतली ही चुआ घराण्याची. कानाने ऐकलेले नाव वेगवेगळ्या हातांनी रोमन लिपीत उतरवले आणि दोन रूपे रूढ झाली.

माणसाला याने काही अडत नाही. चोआ म्हणा, चुआ म्हणा, टॅक्सीवाला बरोबर आणून सोडतो. संगणकाचे मात्र अडते. एका स्पेलिंगने लिहिलेल्या फाइलीत दुसऱ्या स्पेलिंगने शोध घेतला तर तो शांतपणे सांगतो, 'नाही सापडले.' खोटे तो बोलत नाही. तो शब्द शोधतच नसतो, तो चिन्हांची माळ शोधत असतो.

मराठी शब्दकोशात शोध घेताना नेमके हेच होते, फक्त कितीतरी जास्त वेळा. आणि परदेशातल्या मराठी घराला ते जास्त महागात पडते. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून चिनी, मलय किंवा तमिळ घेता येते. भारतीय भाषांपैकी बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू यांचीही सोय आहे. मराठीची नाही. त्यामुळे आपली बरीच मुले हिंदी घेतात आणि मराठी उरते ती घरात, आठवड्याच्या मराठी वर्गात आणि आजीच्या फोनवर. पुस्तक वाचताना एखादा शब्द अडला आणि कोशाने 'नाही' म्हटले, तर त्या मुलाच्या लेखी तो शब्द संपला. म्हणून कोश जवळ असणे पुरेसे नाही. शब्द कोशात असेल तर तो हाती लागला पाहिजे. डेस्कटॉपवरच्या आज्ञांच्या खिडकीतून, म्हणजे टर्मिनलमधून, हे कसे साधते ते या लेखात पाहू.

एक सूचना आधीच. सोयीसाठी आज्ञांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आहेत.

काळी खिडकी कशाला?

मोबाइलवर ॲप असताना ही काळी खिडकी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याची तीन उत्तरे आहेत.

पहिले, कोश तुमच्या घरात राहतो. इंटरनेट नसले, ॲप बंद पडले, संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तरी तुमच्या डिस्कवरची फाइल जागची हलत नाही. दुसरे, एकाच वेळी अनेक कोश चाळता येतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रश्न कसा विचारायचा हे तुम्ही ठरवता. कागदी कोशाला एकच प्रश्न विचारता येतो : या शब्दाचा अर्थ काय? फाइलीला मात्र काहीही विचारता येते. 'काळ'ने संपणारे सगळे शब्द दे. ज्यांच्या अर्थात 'चिंच' आली आहे अशा सगळ्या नोंदी दे. ज्या शब्दांत 'ळ' आहे ते सगळे दे. परदेशात वाढणाऱ्या मुलांची जीभ 'ळ'ला अडखळते हे आपण सगळेच जाणतो. त्यांच्या सरावासाठी पन्नास शब्दांची यादी एका ओळीच्या आज्ञेत तयार होते.

मराठीपाशी या कामासाठी साधनसंपत्तीही चांगली आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द असल्याचे मानतात. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२पासून खंडाखंडांनी निघाला. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया विषयक डिजिटल ग्रंथालयात हे दोन्ही कोश आहेत. त्यांच्या सोबतीला वझे यांचा शालेय कोश, मॅक्सिन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. काही कोश स्वयंसेवकांनी 'स्टारडिक्ट' नावाच्या रूपात आणले आहेत आणि ते उतरवून घेता येतात. मोल्सवर्थ केव्हाच प्रताधिकारमुक्त झाला आहे. अलीकडचे कोश उतरवून घेण्याआधी मात्र परवानगी काय आहे ते पाहावे.

साठ हजारांतून एक, सोळा पावलांत

स्टारडिक्ट रूपातला कोश म्हणजे मुख्यतः तीन फाइली. पहिली छोटी, तिच्यात कोशाचे नाव आणि एकूण शब्दसंख्या. दुसरी अनुक्रमणिका. तिसरीत सगळे अर्थ, एकामागून एक, सलग. अनुक्रमणिकेत प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे असतात : त्याचा अर्थ तिसऱ्या फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होतो आणि तो किती बाइट लांब आहे. बस्स. शब्द सापडला की संगणक थेट त्या जागी उडी मारतो आणि तेवढाच तुकडा उचलतो.

शब्द सापडतो तो आपण कागदी कोशात शोधतो तसाच. मधोमध उघडायचे, हवा तो शब्द आधी येतो की नंतर ते पाहायचे, अर्धा भाग सोडून द्यायचा आणि उरलेला पुन्हा मधोमध उघडायचा. दर पावलाला शब्द निम्मे होतात. सोळा वेळा निम्मे केले की ६५,५३६ चे १ होतात, म्हणून ६०,००० शब्दांच्या कोशाला फार तर सोळा तुलना लागतात. कोश दसपट मोठा केला तरी वीसच.

याला अट एकच : यादी ज्या क्रमाने लावली आहे तोच क्रम शोधणाऱ्यालाही मान्य हवा. इथे मराठीची एक गंमत आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो 'ल'च्या लगेच पुढे आणि 'व'च्या आधी बसतो. स्टारडिक्ट हा युनिकोडचा क्रम मानतो. एखाद्याने प्रेमाने शाळेतल्या वर्णमालेनुसार अनुक्रमणिका लावली, तर 'ळ'पाशी आल्यावर संगणक चुकीचा अर्धा भाग टाकून देईल आणि कोशात असलेला शब्द 'नाही' म्हणेल. क्रम आपल्याला कितीही परका वाटला तरी कोश बांधणारा आणि शोधणारा यांनी एकच क्रम पाळला पाहिजे.

मांडामांड

टर्मिनलमधून स्टारडिक्टचे कोश वाचणाऱ्या आज्ञेचे नाव एसडीसीव्ही. उबुंटू किंवा डेबियनवर ती ॲप्टने बसवता येते, मॅकवर होमब्रूने. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल बसवावे, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्सची खिडकी मिळते, आणि पुढचे सगळे उबुंटूप्रमाणे करावे. तुमच्या घरच्या फोल्डरात डॉट-स्टारडिक्ट नावाचा फोल्डर करा, त्यात डिक नावाचा दुसरा, आणि कोशाच्या फाइली तिथे ठेवा. एसडीसीव्ही, मोकळी जागा, वजा चिन्ह आणि एल असे टंकले की बसलेल्या कोशांची यादी येते.

आता एसडीसीव्ही टंकून मोकळी जागा सोडा आणि देवनागरीत शब्द लिहा. जितके कोश बसवले असतील त्या सगळ्यांतले अर्थ एकाखाली एक येतात. शब्दाच्या शेवटी तारांकन लावले तर त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मिळतात. शब्दाआधी तिरकी रेघ दिली तर जवळपासचे शब्द मिळतात. उभी रेघ दिली तर शोध अर्थांच्या मजकुरात होतो. ही चिन्हे टर्मिनललाही स्वतःचे अर्थ असलेली आहेत, म्हणून ती वापरताना सगळा शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा.

उभ्या रेघेची गंमत करून पाहाच. मोल्सवर्थ मराठीतून इंग्रजीत जातो. पण अर्थांत शोध घेतला की तोच इंग्रजीतून मराठीत येणारा कोश होतो. 'टोपली' या अर्थाचा इंग्रजी शब्द दिला तर मराठीत टोपल्यांना किती नावे आहेत ते समोर येते. आकार, विणकाम, आत काय ठेवायचे, यांनुसार नाव बदलते. कागदावर हे शोधायला सगळा कोश वाचावा लागला असता.

दुसरे साधन त्याहून जुने आणि साधे आहे : ग्रेप, जी-आर-ई-पी. १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ते लिहिले. कोश जर साध्या मजकुराच्या फाइलीत असेल, एका ओळीत एक शब्द, तर ग्रेप पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळे वाचते आणि जुळणाऱ्या ओळी दाखवते. सोळा पावलांची चतुराई तिच्यात नाही. पण काही मेगाबाइटची फाइल आजचा संगणक क्षणात वाचून टाकतो, त्यामुळे घरच्या वापराला हा आडमुठेपणा पुरतो.

संगणकाला 'दुसऱ्या' कसे दिसते?

इथवर सगळे सुरळीत आहे. आता शब्द सापडत का नाहीत त्याकडे वळू.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत असे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पाणी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. संगणकासाठी तो प, काना, ण, दुसरी वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरांचा, संगणकाला आठ चिन्हांचा आणि चोवीस बाइटांचा. डब्ल्यूसी नावाच्या आज्ञेने हे घरी मोजून पाहता येते. शब्दाबरोबर ओळ संपल्याची खूणही गेली तर आकडा एकाने वाढतो, एवढे लक्षात ठेवा.

खरी अडचण अशी की डोळ्याला एकच दिसणारा शब्द चिन्हांत दोन प्रकारे लिहिता येतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे अर्थाने वेगळे शब्द. पहिल्या शब्दातला अर्धा र, ज्याला काही जण 'पापणीचा र' म्हणतात, ही मराठीची खास गरज. तो लिहायची आजची शिफारस केलेली पद्धत म्हणजे नुक्ता असलेला र, मग हलन्त. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकत. आता हे पाहा : 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या'. डोळ्यांना फरक दिसायला नको. पण पहिल्यात सात चिन्हे आहेत, दुसऱ्यात आठ. ग्रेपच्या दृष्टीने हे चोआ आणि चुआ आहेत.

'ॲप'चेही तसेच. चंद्र असलेल्या अ-ला युनिकोडमध्ये स्वतःचे चिन्ह मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आणि अनेकदा त्यानंतरही लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आले. एका पद्धतीत 'ॲप' दोन चिन्हांचा, दुसरीत तीन.

अशा जोड्या एकरूप करण्याचे प्रमाणित नियम युनिकोडमध्ये आहेत आणि यूकॉन्व्ह नावाची आज्ञा ते लावून देते. त्यातून र अधिक सुटा नुक्ता ही जोडी 'ऱ' या एका चिन्हात येते. पण अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्राचा अ यांना ते नियम हात लावत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या त्या 'समान' जोड्या मानलेल्या नाहीत. तेवढे काम आपले आपल्याला करावे लागते.

मधली दीडशे वर्षे

चिन्हांचा गुंता सुटला तरी शुद्धलेखनाचा उरतोच. मोल्सवर्थमध्ये 'काही' शोधा, नाही मिळणार. तिथे तो 'कांहीं' आहे. 'नाव' तिथे 'नांव', 'पाच' तिथे 'पांच'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शेवटचा इकार-उकारही दीर्घ झाला, म्हणून जुन्या कोशातला 'गति' आज 'गती' आहे आणि 'बुद्धि' आज 'बुद्धी'. शिवाय कुणी 'संबंध' लिहितो, कुणी 'सम्बन्ध'.

म्हणजे आजच्या शाळकरी मुलाने आजच्या नियमांप्रमाणे अगदी शुद्ध लिहिले, तरी जुना कोश त्याला नकार देतो. दोष मुलाचा नाही आणि कोशाचाही नाही. दोघांच्या मध्ये दीडशे वर्षे उभी आहेत.

बोथट किल्ली

यावर उपाय आहे आणि तो समजायला सोपा आहे. प्रत्येक शब्दाचे एक मुद्दाम ढोबळ केलेले रूप करायचे. त्याला आपण बोथट किल्ली म्हणू. नियम असे :

१. सगळी अदृश्य जोडचिन्हे काढून टाका.
२. 'ऱ'चा 'र' करा, 'ॲ'च्या दोन्ही रूपांचा 'अ' करा आणि इतर नुक्ते काढा.
३. दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करा, दीर्घ उकार ऱ्हस्व करा. सुट्या ई, ऊ यांचेही तसेच.
४. अनुस्वार आणि चंद्रबिंदू काढा. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातले पहिल्या चारांपैकी व्यंजन असेल तर त्यांनाही काढा.

आता 'काही' आणि 'कांहीं' या दोघांची किल्ली होते 'काहि'. 'गति' आणि 'गती' यांची 'गति'. 'संबंध' आणि 'सम्बन्ध' यांची 'सबध'. ही रूपे वाचायला भयंकर दिसतात, पण ती माणसाने वाचायची नाहीतच. कोशातल्या प्रत्येक शब्दाशेजारी त्याची किल्ली एकदाच तयार करून ठेवायची. शोधताना तुम्ही टंकलेल्या शब्दाचीही त्याच नियमांनी किल्ली करायची आणि किल्लीशी किल्ली जुळवायची. अदलाबदलीचे हे काम सेड नावाची आज्ञा करते. वरचा प्रत्येक नियम म्हणजे सेडच्या एक-दोन ओळी.

किल्ली बोथट असल्याने ती नको त्या कुलपातही शिरते. 'दिन' आणि 'दीन' एक होतात. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, तेही एक होतात. 'चिंता' आणि 'चिता' एक होतात, जे कोणाही मराठी माणसाला परवडणारे नाही. म्हणून क्रम पाळायचा : आधी जसाच्या तसा शब्द शोधायचा, मिळाला तर तोच वर दाखवायचा, आणि किल्लीने जुळलेले त्याखाली, 'हेही पाहा' म्हणून. शोधाच्या शास्त्रातला हा जुना सौदा आहे. जाळे बारीक केले तर कामाचे मासे सुटत नाहीत, पण कचराही जास्त येतो. शब्दकोशात चार शब्द जास्त दिसले तर बिघडत नाही. हवा तो शब्द न दिसणे हे मात्र फार बिघडते. म्हणून इथे जाळे बारीकच बरे.

विभक्तीची शेपटी

पुस्तकात शब्द कोशातल्या रूपात भेटत नाही. 'विहिरीत', 'घोड्यावरून', 'पाण्यातून' असा भेटतो. कोशात असतात विहीर, घोडा, पाणी. मोठ्या माणसाला हे सामान्यरूप आपोआप उलगडते. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला ते उलगडतेच असे नाही.

सोपी युक्ती अशी : शेपटी तोडून उरलेल्या भागावर तारांकन लावा. 'पाण' अधिक तारांकन दिले की 'पाणी' यादीत येतोच. सोबत पाणथळ आणि पाणउतारा येतात तो नफा.

पण 'विहि' अधिक तारांकनाने 'विहीर' मिळत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली आहे. 'फूल'चे 'फुलाला' होते तसेच. इथे बोथट किल्ली अनपेक्षितपणे मदतीला येते. तिच्या लेखी विहीर मुळातच 'विहिर' आहे आणि फूल 'फुल'. जुन्या-नव्या शुद्धलेखनासाठी केलेला उपाय व्याकरणाच्या दारातही चालतो.

थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर शेपट्यांची यादी करा : ला, ना, ने, नी, त, तून, हून, वर, वरून, खाली, साठी, समोर, चा, ची, चे, च्या. शब्दाच्या टोकाशी यांपैकी काही असेल तर तोडा. उरलेल्या भागाच्या शेवटी 'या' जोडलेला दिसला, जसे 'घोड्या' किंवा 'पाण्या', तर तो काढून एकदा काना लावून पाहा, एकदा दुसरी वेलांटी. घोडा मिळतो, घोडीही मिळते. पाणी मिळते, 'पाणा' मिळाला नाही तर सोडून द्या. अंदाज करायचा आणि कोशाला विचारायचे. कोशच पंच.

ही पद्धत नवी नाही. १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत डग मॅकइलरॉय यांनी इंग्रजी शुद्धलेखन तपासण्याची आज्ञा ६४ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात बसवली. सगळे शब्द मावणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी शब्दांचे प्रत्यय तोडून सुमारे ३०,००० मूळ रूपेच ठेवली. त्यांना जागेची टंचाई होती. आपल्याला जागा भरपूर आहे, पण मराठीत एकाच नामाला इतकी रूपे होतात की प्रत्यय तोडण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळे करूनही शब्द हाती लागला नाही तर शेवटची पायरी म्हणजे अंतर मोजणे. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. चोआ आणि चुआ यांच्या रोमन रूपांतले अंतर एक. एसडीसीव्हीची तिरकी रेघ याच जातीचे काम करते. लांब शब्दांना हे छान लागू पडते. आखूड शब्दांना नाही. 'माळ'पासून एका अंतरावर माल, मात, मान, मार, माप असा सगळा गावच जमा होतो. पाच-सहा चिन्हांपेक्षा छोट्या शब्दाला ही पायरी वापरू नये.

अक्षरे मोडकी दिसली तर

टर्मिनलमध्ये मराठी पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण दचकतात. वेलांटी भलत्याच जागी, जोडाक्षरे सुटी, काने लटकलेले. फाइल बिघडली असे वाटते. फाइल ठीक असते. टर्मिनल हे जुन्या टंकयंत्राचे वंशज आहे. त्याच्या पडद्यावर चौकोनांची जाळी असते आणि एका चौकोनात एक चिन्ह बसवायचे एवढेच त्याला ठाऊक. पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते पण आधी काढावी लागते, हे चौकोनांच्या हिशेबात बसत नाही. शोधावर याचा काहीही परिणाम होत नाही. एमएलटर्मसारखी भारतीय लिप्या जाणणारी टर्मिनले आहेत. तेही नको असेल तर उत्तर एका फाइलीत साठवा आणि नेहमीच्या संपादकात किंवा ब्राउझरमध्ये उघडा. सगळे जागच्या जागी दिसेल. कोश खिडकीत वाचायची सोय हवी असेल तर गोल्डनडिक्ट हा कार्यक्रम त्याच स्टारडिक्ट फाइली वाचतो.

घरचा कोश

आता सगळ्यांत मोलाची गोष्ट. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्यात नसलेले, किंवा असूनही तुमच्या घरातल्या अर्थाने नसलेले शब्द तुमच्या घरात आहेत. कोकणातल्या आजीचे वेगळे, वऱ्हाडातल्या आजोबांचे वेगळे. ते कोणी दुसरे लिहून ठेवणार नाही.

सिंगापूरमध्ये चिनी शिकणारे अनेक जण नकळत जो कोश वापरतात, त्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जिम ब्रीन यांनी १९९१ साली जपानी-इंग्रजी शब्दांची एक साधी फाइल सुरू केली, एडिक्ट नावाची. ती पाहून पॉल डेनिसोव्स्की यांनी १९९७ साली चिनीसाठी सीडिक्ट सुरू केली. एका ओळीत एक शब्द, त्याचा उच्चार, तिरक्या रेघांमध्ये अर्थ. स्वयंसेवकांनी भर घातली आणि आज तिच्यात एक लाखाहून अधिक नोंदी आहेत. मोबाइलवरचे कित्येक चिनी कोश त्याच फाइलीवर उभे आहेत. ॲप येतात-जातात, साधी फाइल टिकते.

आपण तसेच करू शकतो. मजकुराची एक फाइल उघडा. प्रत्येक ओळीत शब्द, मग टॅब, मग अर्थ, मग टॅब, मग घरात बोलतात तसे एक वाक्य, मग टॅब, मग तो शब्द कोणाचा. उदाहरणार्थ रोवळी : तांदूळ धुऊन निथळत ठेवायची बांबूची टोपली. फडताळ : भिंतीतले कपाट. शिंकाळे : दूधदुभते मांजरापासून जपायला आढ्याला टांगायची दोरीची जाळी. चोआ चू कांगच्या सोळाव्या मजल्यावरच्या सदनिकेत यांतली एकही वस्तू नसेल. म्हणूनच शब्द लिहून ठेवायचा. वस्तू गेली की शब्दाला दुसरा आधार नसतो.

फाइल वाढली की पायग्लॉसरी नावाच्या साधनाने पहिले दोन रकाने घेऊन तिचे स्टारडिक्ट रूप करता येते. मग तुमचा घरचा कोश मोल्सवर्थच्या शेजारी बसतो आणि एकाच शोधात दोघेही उत्तर देतात. ऑक नावाची आज्ञा हवा तो रकाना वेगळा काढते : फक्त आजीचे शब्द, फक्त 'ळ' असलेले शब्द, फक्त स्वयंपाकघरातले.

सुरुवात लहान ठेवा. या शनिवारी एसडीसीव्ही आणि एक मराठी कोश बसवा, पुढच्या शनिवारी बोथट किल्लीचे पहिले तीन नियम लिहून पाहा. आणि भारतात फोन कराल तेव्हा समोरून आलेला, आपण वापरणे सोडून दिलेला एखादा शब्द कानावर पडला तर तो तिथल्या तिथे फाइलीत टाका. दहा ओळींची फाइलही ग्रेपला चालते. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि एक भावंडांना पाठवा. त्यांच्याकडून आणखी दहा ओळी येतील, आणि त्यांतल्या दोन-तीन शब्दांच्या स्पेलिंगवरून तुमचे वाद होतील. होऊ द्या. किल्ली बोथट आहे, दोन्ही रूपे सापडतील.